सहा नंबरचं बिट

तपकीर गल्लीत शनिवारी सकाळी
वायरींच्या भेंडोळ्यांतून वाट काढत
मी ड्रिल मशीन मागितलं.
काउंटरवरचा मुलगा माझ्या मागे बघत राहिला,
अजून कोणी येतंय का.
"काकू, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून देतो."
मला समजाव, म्हटलं.
हॅमर कुठे दाबायचा, चक कसा आवळायचा,
सहा नंबरचं बिट विटेला चालेल
की काँक्रीटला वेगळं लागतं.
त्यानं दाखवलं.
दाखवता दाखवता मागे बघायचं विसरला.
वॉरंटी कार्डावर नाव घालायला पेन उघडलं.
वासंती रेणुसे.
"मधलं नाव?"
मधे कोणी नाही.
ते तसं लिहायला त्याला क्षणभर लागला,
मला एकोणीस वर्षं.

भिंती मी पुष्कळ पाहिल्या.
सासवडला खिळा मारायचा
तर दादा येईपर्यंत थांबायचं.
चारशे मीटरचं माझं प्रशस्तिपत्र
गादीखाली सपाट होत राहिलं,
पुढे कधी रद्दीत गेलं, कळलंही नाही.
बिबवेवाडीला घड्याळ त्यांच्या पसंतीचं,
त्यांनीच लावलेलं, दरवाज्यासमोर.
मी आत आले की आधी त्याच्याकडे बघायची,
मग त्यांच्याकडे.
नंतर आंबेगावात भाड्याची खोली.
करारात सातवं कलम: भिंतीस खिळे ठोकू नयेत.
आठवं घरमालकीणबाईंनी तोंडी सांगितलं,
चहाचा कप पुढे सरकवत,
"एकट्या आहात, तर येणंजाणं जरा बेतानं."
पाच वर्षं माझं कॅलेंडर
फ्रीजवर लोहचुंबकाला लटकलं.

आता धायरी. चौथा मजला,
तीनशे दहा फूट, हप्ता पाच तारखेला.
रविवारी अकरा वाजता, सोसायटीची वेळ बघून,
स्टूल ठेवलं, डोक्याला ओढणी बांधली.
पहिलं भोक घसरलं.
बिट भिंतीवर नाचलं, रंगाचा टवका उडाला,
हात घाबरला.
घाबरला तर घाबरला, लपवायचं कोणापासून?
पंख्याखाली धूळ खाली बसत गेली
आणि "मी आधीच सांगितलं होतं"
असं कोणीही म्हणालं नाही.
एवढ्या शांततेसाठी मी हप्ता भरते.

मग पेन्सिलनं फुली काढली,
कोपर बरगडीला टेकवलं,
श्वास सोडला आणि दाबलं.
वीट आधी कुरकुरली, मग तिनं वाट दिली.
लाल भुकटी मनगटावर, भुवयांवर,
ओट्यावरच्या उघड्या साखरेतसुद्धा.

खालच्या टिळेकरबाई वर आल्या.
भांडायला, असं मला वाटलं.
दारातून त्यांनी स्टूल पाहिलं, मशीन पाहिलं.
"ड्रिलवाला गेला का हो?"
तो मीच, म्हटलं.
त्या माझ्या लाल भुवया बघत राहिल्या.
"फळीसाठी दोन भोकं हवी होती,
गेल्या दिवाळीपासून सांगतेय.
पण हे घरी असताना नको."
का?
त्या हसल्या,
हसता हसता मधेच थांबल्या.
"मंगळवारी या," म्हणाल्या. जिन्यावरून पुन्हा,
"नाहीतर असं करा, मशीन घेऊन या,
मीच बघते एकदा धरून."

गट्टी ठोकली, स्क्रू पिळला.
तिथे काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही.
घाई नाही.
सध्या घराची किल्ली अडकवते.
संध्याकाळी नऱ्ह्याहून हिशेबाच्या वह्या संपवून येते,
अंधारात हात बरोबर तिथेच जातो.
पहिलं, घसरलेलं भोक
शेजारीच आहे, बोटभर डावीकडे.
पुट्टीचा डबा आणलाय.
उघडलेला नाही.